उत्तरेची बाजू

यंदाचा पाडवाही पानगळीतच आला. इथे न्यूझीलंडमध्ये तो दर वर्षी तसाच येतो. मराठी शाळेत आम्ही मुलांना सांगतो की चैत्र म्हणजे पालवी, चैत्र म्हणजे कोकिळा, आणि वर्गाच्या खिडकीबाहेर मेपल लाल होऊन गळत असतो. मुलं एकदा खिडकीकडे बघतात, एकदा आमच्याकडे. कडुलिंब मिळत नाही म्हणून गुढीला कढीपत्त्याची डहाळी बांधतात. हॅमिल्टनला सकाळी नदीवरून धुकं वर येतं ते दहापर्यंत हलत नाही. शेजारी फाटकापाशी फिजोआच्या पिशव्या ठेवून जातात, कारण प्रत्येकाच्या अंगणात एक झाड असतं आणि प्रत्येकाला त्या हिरव्या, पेरूच्या वासाच्या फळांचा कंटाळा आलेला असतो. त्या वासाबरोबर मला मागच्या वर्षीचा हाच मोसम आठवतो आणि तोंड कडू होतं. फळ गोड आहे. त्याचा काही दोष नाही.

मागच्या वर्षी या दिवसांत मी एका चर्चचा अहवाल लिहीत होते. माझं कामच ते आहे. एखादी जुनी इमारत विकायची, पाडायची किंवा बदलायची असली की कौन्सिलला एक अहवाल लागतो: इमारत कोणी बांधली, तिच्यात जपण्यासारखं काय आहे, जमिनीत काय आहे. तो आमचं छोटं ऑफिस लिहून देतं. शहराच्या कडेला रोटोटुनाची नवी घरं संपून जिथे मका आणि गायींची कुरणं सुरू होतात, तिथे हे चर्च आहे. लाकडी, पांढरं, शंभर माणसं मावतील एवढं. रविवारी नऊ जण यायचे. त्यांच्या वरच्या लोकांनी ते विकायला काढलं आणि आपल्या मराठी मंडळाने घ्यायचं ठरवलं. गणपती, पाडवा, मुलांची शाळा या सगळ्यासाठी दर वेळी कुठल्यातरी शाळेचा हॉल मागत फिरण्यापेक्षा आपलं स्वतःचं छप्पर.

ऑफिसच्या मालकीणबाईंनी विचारलं होतं की हे तुझ्या ओळखीचे लोक आहेत, तुला अडचण नाही ना? मी मान ताठ करून सांगितलं होतं, मी मंडळाची सभासद नाही. ते खरंच होतं. अडचण मात्र होती, तेव्हा दिसली नव्हती.

काम माझ्याकडे यायचं कारण म्हणजे माझा प्रबंध. इथल्या विद्यापीठात शिकायला आले तेव्हा मी विषय घेतला तो मध्ययुगीन इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चेसचा. इचलकरंजीची मुलगी न्यूझीलंडला जाऊन इंग्लंडच्या चर्चेसवर लिहिते, यावर घरी पुष्कळ हसणं झालं. मी त्यातलं एकही चर्च प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मला ती सगळी कागदावर भेटली, आराखड्यांतून आणि छायाचित्रांतून. पण कागदावर भेटलेल्या गोष्टींवर जीव लावायची सवय मला लहानपणापासूनची आहे. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. गुलाबी, पिवळा, पातळ कागद, एका बाजूला शाई फुटलेली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यांच्या घड्या घालता घालता मला एक भाषा पाठ झाली, ज्यात कोणी काय केलं आणि कोणाचं काय गेलं ते पहिल्या ओळीत सांगायचं असतं.

त्यामुळे ती चर्चेस मला स्थापत्य म्हणून दिसलीच नाहीत, भांडण म्हणून दिसली. आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचं तर त्यांचे दोन भाग, एक सभामंडप आणि एक गाभारा. मधे लाकडी जाळीचा पडदा. पलीकडे धर्मगुरू, अलीकडे गाव. गाव उभं राहायचं, नाहीतर जमिनीवर गुडघे टेकायचं, कारण कित्येक शतकं तिथे बाकंच नव्हती. पूजा चालायची ती गावाला न कळणाऱ्या भाषेत, गावाकडे पाठ करून. आणि नियम असा की गाभाऱ्याची डागडुजी धर्मगुरूने करायची, सभामंडपाची गावाने. म्हणून कुठे गाभारा पडायला आलेला आणि सभामंडप उंच, उजेडाचा, देखण्या लाकडी छताचा असं दिसतं. ते छत बघून मला आनंद व्हायचा. ज्यांना पडद्याच्या आत जायची परवानगी नव्हती, त्यांनी आपल्या वाट्याचा अर्धा भाग कसा बांधून काढला बघा. बाजूच्या भिंतीला कुठे कुठे तिरकं भोक पाडलेलं असायचं, कडेला उभं राहिलेल्यालाही पूजेचा तुकडा दिसावा म्हणून. मी त्या भोकांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. भिंतीत तिरकं भोक पाडणारा तो गवंडी कोण होता, त्याचं नाव कुठेच नाही.

लांबच्या वस्त्यांसाठी छोटी चॅपेल्स असत. तिथे प्रार्थना करता येई, पुरता मात्र येत नसे. तो हक्क मोठ्या चर्चचा. माणूस मेला की वस्तीने त्याला खांद्यावरून कित्येक मैल चिखलातून तिकडे न्यायचा. काही ठिकाणी त्या वाटा अजून नकाशावर आहेत. हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयातून उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते. मेलेल्या माणसावरचा हक्कसुद्धा सोडत नाहीत.

आणि उत्तरेची बाजू. इंग्लंडमध्ये सूर्य दक्षिणेला. म्हणून चर्चचा दरवाजा आणि दरवाजापुढची ओसरी बहुतेक दक्षिणेला, उन्हात. कबरी दक्षिणेला, पूर्वेला. उत्तरेला चर्चची सावली पडते, ओल असते, गवत वाढतं. ती बाजू सैतानाची मानत. तिथे पुरायचं ते बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या मुलांना, जीव दिलेल्यांना, वाटेत मेलेल्या अनोळखी माणसांना. पुढे कित्येक चर्चेसचे उत्तरेकडचे दरवाजे दगडांनी बुजवूनच टाकले. मला हे समजायला प्रबंध लागला नसता. आमच्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती कुठे असावी हे वारा कुठून वाहतो ते बघून ठरायचं. त्यांच्याकडे ऊन बघून ठरलं.

आता हे सगळं जहाजात घालून पृथ्वीच्या खालच्या बाजूला आणा. वायकाटोची, म्हणजे आमच्या या भागाची, जमीन युद्ध करून इथल्या मूळच्या माओरींकडून जप्त केलेली, त्या जमिनीवर इंग्लंडहून आलेल्या लोकांनी आपापल्या गावाच्या आठवणीने चर्च बांधलं. दगड नव्हता म्हणून लाकडाचं. बाकी सगळं तसंच: निमुळत्या खिडक्या, सभामंडप, गाभारा, मधे पडद्याची खूण म्हणून कोरीव कमान. आणि ओसरी दक्षिणेला. इथे सूर्य उत्तरेला असतो. दक्षिणेकडून येतो तो थेट बर्फावरून आलेला वारा. त्या लोकांनी आराखडा आणला, सूर्य आणायचा राहिला. गेलं शतकभर आणि त्याहून अधिक काळ गावातली माणसं त्या ओसरीत कोटाच्या कॉलरी वर करून, दात वाजवत एकमेकांना रविवारच्या शुभेच्छा देत आली. दरवाजा पलीकडे न्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बरोबर अरुणकाका होते. ते मंडळाचे अध्यक्ष, पेशाने फार्मासिस्ट, अर्ध्या रोटोटुनाच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या हातून जातात. मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दोन महिने त्यांच्या घरी राहिले होते. हीटर, गादी, मीनाकाकूंच्या हातचं जेवण. नोकरीसाठी माझा अर्जही त्यांनीच बसून नीट करून दिला. मी त्यांना ओसरीत उभं केलं आणि ही सूर्याची गोष्ट सांगितली. वारा एवढा होता की मला ओरडून सांगावं लागलं. काका पोट धरून हसले. म्हणाले, साहेब दीडशे वर्षं आपल्यावर राज्य करून गेला आणि त्याला सूर्य कुठे उगवतो ते माहीत नव्हतं. मग आम्ही वळसा घालून उत्तरेला गेलो. तिथे ऊन होतं, उबदार, जाडसर. कापलेलं हिरवं गवत, एकही दगड नाही, कडेला फिजोआचं कुंपण. दक्षिणेला, पूर्वेला कबरींची दाटी आणि इथे एवढी सपाट मोकळी जागा.

काका म्हणाले, "देवाने आपल्यासाठी राखून ठेवल्यासारखी आहे गं. पार्किंग हीप्स होईल, पाहिजे तेवढं."

मीही हुशारीच्या भरात सांगून बसले की दरवाजाही इकडेच काढा. तिसऱ्या खिडकीच्या जागी. इंग्रजांची चूक तुम्ही दुरुस्त करा. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली होती, हे लिहायला हवं.

उत्तरेची एवढी मोकळी जागा बघून माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली ती घरी पोचल्यावर. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, एकटी, आणि मार्गरेटला भेटले.

मार्गरेट चर्चची व्यवस्था बघायची. वय चौऱ्याऐंशी, गमबूट, हातात कात्री. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे, फुलं तिच्याकडे, आणि उत्तरेचं गवत कापायचं कामही तिच्याकडे. बाकीचं गवत एक कंत्राटदार कापायचा, एवढा पट्टा मात्र ती स्वतः, हाताने ढकलायच्या यंत्राने. मी तिला सरळ विचारलं, उत्तरेला कोण आहे?

ती फिजोआची फळं गोळा करत राहिली. मग म्हणाली, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

तिच्या आईचं पहिलं मूल तिथे आहे. मुलगी. एक दिवस जगली, बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली. तेव्हाचा म्हातारा धर्मगुरू इंग्लंडहून आलेला, जुन्या रीतीला चिकटलेला. त्याने सांगितलं, उत्तरेला. प्रार्थना नाही, दगड नाही. मार्गरेटची आई पुढे पन्नास वर्षं त्या चर्चमध्ये रविवारी येत राहिली आणि कायम उत्तरेच्या खिडकीशी बसली. मरायच्या आधी तिने मार्गरेटला जागा दाखवली. मार्गरेटने कपाटातून दफनांची जुनी वही काढून दिली. आत सगळं शाईने, सुवाच्य. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या पाच ओळी, वर शीर्षक 'उत्तर बाजू'. तीन तान्ही मुलं, फक्त आडनावं. नदीत सापडलेली एक बाई. आणि एक ओळ: हिंदी फेरीवाला, नाव माहीत नाही.

मी ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचली. पाठीवर गाठोडं घेऊन या कुरणांतून दारोदार फिरणारा माणूस. कापड विकत असेल, सुया-दोरे विकत असेल. कुठल्या तापाने गेला, कोणी शिवलं, कोणी उचललं, काही नाही. इथल्या पहिल्या भारतीयांविषयी आपण कार्यक्रमांत किती अभिमानाने बोलतो. हा त्यांतला एक, माझ्यापासून वीस पावलांवर, गवताखाली.

मार्गरेटला विक्री थांबवायची नव्हती. तिचं म्हणणं असं होतं की नऊ माणसांनी चर्च चालत नाही, तुमची मुलं इथे खेळली तर बरंच होईल. तिला फक्त एक हवं होतं. "ती तिथे आहे एवढं कुठेतरी शाईने लिहिलेलं असू दे," ती म्हणाली. "मी गेल्यावर ते माहीत असणारं कोणी उरणार नाही." मी हो म्हटलं. तेच तर माझं काम होतं. मी घरी जाऊन अहवालात अकराव्या पानावर लिहिलं: उत्तरेच्या पट्ट्यात किमान पाच दफनं आहेत. या जागेवर वाहनतळ किंवा खोदकाम होऊ नये. पत्रकासारखं, पहिल्या ओळीत.

मसुदा मंडळाकडे गेला आणि रविवारी काकांकडे जेवायचं बोलावणं आलं.

काकूंनी थालीपीठ केलं होतं, वर लोणी, बाजूला फिजोआचा मेथांबा. कैरी मिळत नाही म्हणून काकूंनी शोधून काढलेला प्रकार, आणि खरं सांगते, कैरीपेक्षा बरा लागतो. काकांची मुलगी इंग्रजीत बोलून, जेवून, टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी उचलून पोहायला निघून गेली. काकांनी तिसरं थालीपीठ माझ्या ताटात वाढलं आणि मग विषय काढला. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही, औषधाची मात्रा समजावून सांगतात तसं बोलतात. कबरी आहेत असं लिहिलंस तर परवानग्या, जमीन तपासणारे तज्ज्ञ, माओरी मंडळींशी बोलणी, वर्ष जाईल. व्यवहाराची मुदत जूनपर्यंत. आपण सोडलं की पुढचं गिऱ्हाईक तयार आहे. तो चर्च करवतीने मधोमध कापून ट्रकवर घालून कुठल्यातरी द्राक्षमळ्यात लग्नाचा हॉल म्हणून नेणार आणि जागेवर टाऊनहाऊस बांधणार. मग तुझं चर्चही गेलं आणि कबरीही गेल्या.

मी वहीतल्या ओळींबद्दल सांगितलं. फेरीवाल्याबद्दलही. मला वाटलं होतं, निदान तो त्यांना हलवेल.

"आपला होता?" काकांनी विचारलं. मग स्वतःच हसून म्हणाले, "छे, मराठी माणूस कसला दारोदार धंदा करतोय."

काकू म्हणाल्या, अहो काय बोलता. पण हसू त्यांनाही आलं. मलाही आलं. त्या हसण्याची मला आज सर्वांत जास्त चीड येते.

मग काकांनी मागणी केली, आणि ती एवढी लहान होती. खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी आणि एका म्हातारीचं सांगणं. याला तुमच्या शास्त्रात खात्री म्हणतात का? 'आहेत' म्हणू नकोस. 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' म्हण. आम्ही खोदणार नाही, वरून खडी टाकू. कोणालाच धक्का नाही.

खरं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. अहवालात 'आहेत' असं लिहिलं की ते त्या जमिनीला चिकटतं. मंडळ घेवो, टाऊनहाऊसवाला घेवो, त्याला त्या पट्ट्यावर हात घालता आला नसता. म्हणजे काकांची भीती अर्धीच खरी होती. चर्च जाण्याची भीती खरी, कबरी जाण्याची खोटी. हे मी ताटावर बसून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पहिल्या हिवाळ्यात ज्या घरात मला ताप आला होता आणि काकूंनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, त्या घरात बसून मी म्हटलं, बघते.

आणि बघितलं. सोमवारी पान अकरा उघडलं, 'आहेत' खोडलं आणि काकांचं वाक्य टाईप केलं. वाहनतळ होऊ नये हे वाक्य काढून टाकलं. मालकीणबाईंनी वाचून मान डोलावली. भाषा आता अधिक संतुलित झाली आहे, म्हणाल्या.

इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या काळात गावच्या चर्चेसमधली भित्तिचित्रं चुन्याने पुसली गेली. अख्ख्या भिंती रंगवलेल्या असायच्या. वाचता न येणाऱ्यांची ती पोथी. ती पुसायचं काम कुणी परक्याने केलं नाही. गावातल्याच माणसाने शिडी लावून, बादलीत कुंचला बुडवून केलं. विद्यार्थिनी असताना मला त्या माणसाचा फार राग यायचा. आता एवढंच विचारावंसं वाटतं की तो घरी गेल्यावर काय जेवला.

मधलं वर्ष भराभर गेलं. मंडळाने चर्च घेतलं. तिसऱ्या खिडकीच्या जागी उत्तरेला रुंद दरवाजा आला, बाहेर खडी, खडीवर पांढरे पट्टे. दक्षिणेची ओसरी वाऱ्यामुळे बंद करून तिथे खुर्च्या रचल्या. सगळे म्हणतात काय उजेड आला आत. खरंच आला.

यंदाच्या पाडव्याला उद्घाटन होतं. दीडशे माणसं, ढोकळे, जरीच्या साड्या आणि खाली जँडल्स, इथल्या रबरी चपला. कमानीपुढे गुढी. मला शाल आणि श्रीफळ दिलं गेलं. काका माइकवरून म्हणाले, आमच्या या मुलीने साहेबाची चूक शोधून काढली म्हणून आज आपण उन्हातून आत आलो. टाळ्या. मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोल म्हणाले.

पहिल्या रांगेत मार्गरेट होती. तिलाही बोलावलं होतं, जुन्या लोकांचा मान म्हणून. तिने निळा कोट घातला होता. ती आत कुठून आली ते मी पाहिलं होतं. खडीवरून नाही. ती पूर्वेकडून, कबरींच्या दगडांमधून, गाभाऱ्यामागच्या धर्मगुरूच्या छोट्या दारातून आत आली होती. त्या दाराची किल्ली तिने कोणालाच परत केलेली नव्हती.

मी सांगितलं. मराठीत, सरळ. बाहेर जिथे आपल्या गाड्या उभ्या आहेत तिथे पाच माणसं पुरलेली आहेत. तीन तान्ही मुलं, एक बाई आणि एक भारतीय फेरीवाला. मला ते माहीत होतं.

मागे एका मुलाने आईला इंग्रजीत विचारलं, आपल्या गाडीखाली डेड बॉडी आहे का. आईने त्याला गप्प केलं. मग काकांनी शांतपणे माझ्या हातून माइक घेतला.

"कोणी काळजी करू नका," ते म्हणाले. "खडी टाकायच्या आदल्या दिवशी ऑकलंडहून गुरुजी बोलावून आपण तिथे शांत करून घेतली आहे. नारळ वाढवला, दहीभात ठेवला. सगळं रीतसर आहे. जेवण तयार आहे."

सुटल्यासारख्या खुर्च्या सरकल्या. लोक पंगतीकडे वळले. मी बाबांची मुलगी, शांत आणि मुहूर्तांविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालून मोठी झालेली. मला खरं तर संताप यायला हवा होता आणि आलाही, पण तो काकांवर टिकेना. ज्या माणसाने मला 'शक्यता' लिहायला लावली, त्याला स्वतःला शक्यता वाटत नव्हती. ते तिथे आहेत हे धरून तो वागला होता. कुठल्याही रीतीने असेल, कोणी न बघता तो त्या गवतापुढे हात जोडून उभा राहिला होता, दहीभात घेऊन. त्या पाचजणांना कागदावर नसल्यासारखं केलं ते मी एकटीने.

जेवणाच्या गडबडीत मार्गरेट माझ्यापाशी आली. ताटात तिने श्रीखंड घेतलं होतं, चव बघितली नव्हती. मी काय बोलले ते तिने विचारलं. मी सांगितलं.

"आणि लिहिलं आहेस ना?"

मी तिला अकराव्या पानावरचं वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं. जसं आहे तसं, पूर्ण. तिने ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"बोलायला मला माणसं होती," ती म्हणाली. "तुला मी सांगितलं ते लिहिण्यासाठी."

ती आली तशीच, मागच्या छोट्या दाराने गेली. मी तिच्या मागे गेले नाही. शाल खांद्यावर होती आणि कोणीतरी मला मठ्ठा हवा का विचारत होतं.

सोमवारी मालकीणबाईंना विचारलं, दुरुस्ती करता येईल का. त्या म्हणाल्या, कौन्सिलने स्वीकारलेला अहवाल नुसता बदलता येत नाही. नवा पुरावा सापडला असेल तर पुरवणी जोडता येते. पण तुला नवं काय सापडलंय? मी म्हटलं, काही नाही, सगळं तेव्हाच होतं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. तसं असेल तर तुला तसं लिहून सही करावी लागेल, म्हणाल्या, आणि मग पुढे तुझ्या सहीला कोण विचारणार याचाही विचार कर. मंडळाला दिलेली परवानगीही पुन्हा उघडली जाईल. खडी निघेल, दरवाजा कदाचित बंद होईल. दीडशे माणसांना कळेल कोणामुळे.

त्याला आता तीन आठवडे झाले. काकूंनी परवा डब्यात मेथांबा पाठवला, नेहमीसारखा. मार्गरेट फोन उचलत नाही. सकाळी कामाला जाताना मी तो रस्ता टाळते. धुक्यात तिथून काही दिसतही नाही, तरी टाळते.

पत्र टेबलावर आहे. वहीतल्या पाचही ओळी मी त्यात उतरवल्या आहेत, जागेचा नकाशा काढला आहे, मार्गरेटच्या बहिणीची जागा खुणेने दाखवली आहे. फक्त एक वाक्य राहिलंय, ज्याशिवाय बाकीच्या कागदाला किंमत नाही. मराठीत, दीडशे माणसांसमोर, मी ते माइकवरून सहज बोलून गेले, कारण त्याची नोंद होणार नव्हती. इंग्रजीत, सहीच्या वर, ते तीन आठवडे लिहवत नाही. आज सकाळी सात वाजल्यापासून बसले आहे. आता लिहिलं: हे मी तेव्हाच वाचलं होतं, आणि तरीही मी ते बदललं. शाई वाळायला ठेवली आहे. कौन्सिलचं कार्यालय नऊला उघडतं.